आबाजी पाटलांच्या चरित्रातले एक वाक्य

१७ मे १९९८

स्वस्ति श्री. सकलविद्यालयभूषण, खडूधूलिधूसरितकलेवर, इयत्ता आठवी-नववी-दहावी-संस्कृतमंडलाधिपती, शब्दरूपावलीसंरक्षक, घोडेगाव-भीमाशंकर मार्गावरील साडेसहाच्या एस.टी.तील तिसऱ्या बाकाचे अनभिषिक्त स्वामी, द्विचष्माधर, एकपत्नीभयान्वित, श्रीमन्महाराज यशवंत लक्ष्मण, वय वर्षे बावन्न, हे आज प्रातःकाळी सिंहासनावर (पत्र्याची खुर्ची, एक पाय विटेवर) आरूढ होऊन चहाची प्रतीक्षा करीत असता, दारी शिष्टमंडळ अवतीर्ण झाले.

शिष्टमंडळ म्हणजे एकटे अण्णा पाटील. सोसायटीचे माजी चेअरमन, स्मारक समितीचे अध्यक्ष, आणि ज्यांचे स्मारक व्हायचे त्या कै. आबाजी पाटलांचे सख्खे नातू.

"गुरुजी, आजोबांचं चरित्र लिवायचंय. तुमच्याबिगर हितं संस्कृत कोणाला येतंय?"

"अण्णा, चरित्र मराठीत ना?"

"व्हय. पण भारदस्त पायजे."

योजना: चाळीस पानी पुस्तिका, आणि वेशीजवळ काळा दगड. दगडावर पुस्तिकेतलेच एक वाक्य कोरायचे. कोणते, तेही अण्णांनी ठरवून आणले होते: 'दलित बांधवांस बांधावर अन्नदान करणारे थोर लोकप्रतिनिधी.' दगडाची ऑर्डर गेलेली आहे. प्रकाशन श्रावणात.

होकार दिला. एवढ्या मोठ्या माणसाचे चरित्र आमच्या वस्तीतल्या माणसाकडून लिहवून घ्यावेसे वाटले, याबद्दल मनात खरोखर धन्यता आहे. चहा निवला, त्याबद्दल नाही.

२४ मे

अण्णांच्या माडीवर ट्रंक उघडली. वर वाळवीचे साम्राज्य, खाली इतिहास. दिवसभर टिपणे.

आ. पा. जन्मले मोठ्या दुष्काळाच्या साली. दोन इयत्ता, मोडी वाचता येई. घरची भातखाचरे, स्वतः औत धरीत. लोखंडी नांगर गावात प्रथम त्यांनी आणला. पहिल्या दिवशी बैल बिचकले, दुसऱ्या दिवशी भावकी. चाळिशी उलटल्यावर मुंबईच्या कायदेकौन्सिलवर निवडून गेले. कारण राब. भाताची रोपे करायची तर जमिनीवर पालापाचोळा, फांद्या जाळाव्या लागतात. जंगलखाते फांद्या तोडू देईना. आ. पा. या प्रश्नावर तालुकाभर पायी हिंडले आणि लोकांनी त्यांना कौन्सिलात पाठवून दिले.

तिथे मराठीत बोलले. साहेबाला राब म्हणजे काय कळेना. दुसऱ्या दिवशी यांनी राखेची पुडी नेऊन त्याच्या बाकावर सोडली. अण्णा सांगतात, साहेबाला सटासट शिंका आल्या. ही शिंक ऐतिहासिक की कौटुंबिक, हे ठरविणे दुष्कर. तरी घेतली.

कौन्सिलचे पावसाळी अधिवेशन पुण्याला भरे. म्हणजे नेमके लावणीच्या दिवसांत. शेतकऱ्याला निवडून आणायचे आणि रोपे गुडघ्याला लागली की पुण्याला बोलवायचे, ही योजना ज्याच्या मस्तकातून निघाली तो भात खात नसावा.

आणि ती प्रसिद्ध कथा. असेच एकदा अधिवेशनाहून परतले असता त्यांनी आमच्या वस्तीतल्या लोकांना बांधावर बसवले आणि स्वहस्ते जेवू घातले. सांगताना अण्णांनी हात जोडले. मीही. त्या पंगतीत माझे आजोबा सखाराम असणार. त्यांना कोणी जेवू घातले म्हटल्यावर नातवाचे हात जुळलेच पाहिजेत.

३१ मे

पान सतरा आज पूर्ण. 'क्षुत्पीडितांच्या मुखी स्वकरकमले घास घालणारी ती कृपामूर्ती...' असे एक वाक्य साडेचार ओळी चालले आहे. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. स्वतःवर अत्यंत प्रसन्न.

सौ.ला वाचून दाखवले. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. म्हणाली, "चांगलंय. पण कोण जेवलं ते शेवटपर्यंत कळत नाही."

अभिजात गद्याची ही उपेक्षा सनातन आहे.

२ जून

पान सतरा सोनाआत्याला वाचून दाखवले. आत्या वडिलांची थोरली बहीण. वैधव्यानंतर माहेरी आली ती आमच्याच घरी. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दात दोन, कान शाबूत. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

मी 'कृपामूर्ती'पर्यंत आलो आणि तिचा हात सुपात थांबला.

"कोनी कोनाला जेवू घातलं म्हनतूस?"

"पाटलांनी. आपल्या लोकांना."

"उलटं हाय."

"काय उलटे?"

"समदंच." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी साडेचार ओळींचे वाक्य हातात घेऊन उभा.

३ जून

आज सकाळी स्वतः होऊन बोलली. जसे बोलली तसे लिहून घेतो. संस्कृत प्रत्यय कोठेही लावणार नाही.

"त्या साली पाटील पुन्याला गेला व्हता. तिथं त्यानं हात वर केला म्हनं, शाळा न् पानवठं समद्यांना मोकळं करा म्हनून. गावाला कळलं. भांडान न्हाई, तंटा न्हाई. त्याच्या लावनीला कोनी गेलं न्हाई, बस."

लावणी तेव्हा सावडीने होई. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पैसा नाही, पायली नाही. ज्याचे खाचर त्याच्या घरचे दुपारचे जेवण. अर्थात ही सावड गावाची गावात. आमच्या लोकांना त्यात जागा नव्हती. आम्हाला बोलावणे येई ते वेठीचे.

"रोपं वाढून पिवळी पडाया लागली. मंग पाटलीन आली आपल्या वस्तीच्या कडंला. डोईवर पदर, पाय चिखलात. म्हनली, सखाराम, रोपं वाया चालली. बा म्हनला, येतो पाटलीनबाई. पर मजुरीनं न्हाई. वेठीनं तर न्हाईच. सावडीनं येतो."

"मग?"

"मंग ती लई वेळ उभी. पाऊस वर. मी आयच्या मागं. मला वाटलं आता ही शिव्या देती. तर म्हनली, बरं. मालक आलं की तुज्या खाचरात येतील."

तिसऱ्या दिवशी आमची सगळी वस्ती पाटलाच्या खाचरात. दुपारी पाटलीणबाईंच्या घरचे जेवण, रीतीप्रमाणे. अन्नदानाचे बीज ते असावे. पण गोष्ट तेथे संपत नव्हती.

"चार दिसांनी पाटील आला पुन्याहून. सकाळच्या पारी धोतर खवून उतारला की आपल्या खाचरात! लावनी लई वाकडी. आय म्हनली, पाटील, वळ सोडू नका. तर म्हनतो कसा, कौन्सिलात बसून बसून कंबार वाकंना झालीया, बाई."

आत्या हसली. दोन्ही दात दिसले.

"दुपार झाली. आता त्याला जेवाय कसं म्हनायचं? बा गप. आय गप. त्यो सोता बांधावर बसला न् म्हनला, सखाराम, सावडीचं जेवान कुठाय? ... भाकर मी थापली व्हती. आय चिखलात, मंग कोन थापनार? धा-अकरा वर्साची व्हते. नाचनीची भाकर, कडंला फाटलेली. खेकड्याचं कालवान. दोन खाल्ल्या त्यानं. म्हनला, पोरी, आनखी एक नांगी हाय का गं?"

मी विचारले, हे इतकी वर्षे सांगितले का नाहीस?

"सांगत व्हते की. तुमी म्हनायचा, आत्या, च्या टाक."

नंतर सूप बाजूला ठेवून म्हणाली, "येशा, त्या दिसाची मी येकलीच उरलीया. पुस्तकाचं ऱ्हाऊ दे. पर दगडावर उलटं कोरलं तर मी मेल्यावर त्येच खरं व्हईल."

साडेचार ओळींचे वाक्य चुलीत घातले. वाईट जळते, शाई हलकी असावी.

सायंकाळी बराच वेळ आजोबांचा विचार करीत होतो. 'सावडीनं येतो.' दोन शब्द. मी बावन्न वर्षांत असे दोन शब्द कोणापुढे बोललेलो नाही. त्या माणसाच्या वंशात जन्म मिळाला, हे माझे कर्तृत्व नाही. म्हणून कृतज्ञता अधिक.

७ जून

अण्णांकडे गेलो. नवे पान सतरा वाचून दाखवले. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जणू ऐकण्याचा दोष चष्म्यात होता.

"गुरुजी, आत्याचं वय झालं. म्हाताऱ्या माणसाचं उलटसुलट व्हतंय."

"तिचा हिशेब अजून माझ्यापेक्षा चांगला आहे."

"लावणी केली, ते एक वेळ लिवू. शोभतंय. शेतकरी माणूस. पण भाकर?" आवाज खाली आला. "भावकी हाय, राव. तुमाला म्हाईत हाय, वरून कायबी म्हनत्यात, आतून... नातीच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय."

"अण्णा, इतक्या वर्षांपूर्वीची भाकर एव्हाना पचली असेल."

अण्णा हसले नाहीत. मी हसलो, आणि एकटाच हसलो असे लक्षात आल्यावर चहा पिऊन परतलो.

वाईट वाटले ते अण्णांचे नाही. माणूस भला आहे. माझ्या वडिलांच्या आजारपणात याच माणसाने जीप काढून पुण्याला नेले होते, वाटेत राजगुरुनगरला थांबून स्वतः त्यांना दूध पाजले. हे विसरलो तर माझी लेखणी मोडो. पण म्हणूनच पंचाईत.

११ जून

युरेका (हा शब्द संस्कृत नाही, क्षमा असावी). तोडगा सापडला: 'बांधावर सहभोजन झाले.'

कोणी वाढले, कोणी खाल्ले, प्रश्नच नाही. जशी काही भाकर आकाशातून पडली आणि सर्वांनी समभावाने ग्रहण केली. अण्णांना शिनोलीच्या बाजारात गाठून सांगितले. त्यांनी माझा हात धरला. "हे ब्येस! ह्याला म्हनत्यात विद्या. दगडावर बी हेच घालू."

या संस्कृत भाषेने माझ्या आजोबांना उंबऱ्याबाहेर ठेवले. आज तिनेच त्यांच्या नातवाला पळवाट दिली. उभयपक्षी समाधान. येताना अर्धा किलो भजी आणली.

१२ जून

समाधान उभयपक्षी नव्हते. तिसरा पक्ष ओसरीवर बसलेला होता.

"सहभोजन म्हंजी?"

"सगळ्यांनी एकत्र जेवणे, आत्या."

"आमी न्हाई जेवलो त्याच्यासंगं. त्यो जेवला. आमी नुसतं बघत व्हतो. भूक ऱ्हायलीच न्हवती कोनाला."

"भावार्थ तोच ना?"

"त्यानं खाल्ली. मी थापली. येवढं लिवायला तुला येवढी साळा शिकवली का?"

भजी तिने घेतली नाहीत.

१५ जून

शाळा उघडली. नवी आठवी. तेच बाक, नव्या करामती.

घरी अबोला. आत्या माझ्याशी बोलत नाही. माझ्याविषयी मात्र बोलते, मी समोर असताना, सौ.शी. "त्याला म्हनावं, शर्टाचं बटन तुटलंया."

रात्री सौ. म्हणाली, "अहो, दहावीच्या मुलाने असं गुळमुळीत उत्तर लिहिलं तर किती गुण देता?"

"अर्धा."

"कशाबद्दल?"

"अक्षराबद्दल."

"मग तुमचं अक्षर चांगलंय," म्हणाली आणि कूस वळवून झोपली. ही स्त्री बी.ए. झाली असती तर आम्ही सर्व बेरोजगार झालो असतो.

२१ जून

आज अण्णांकडे. पूर्वीचे वीर रणांगणावर शंख फुंकीत; मला फाटकातच तीन शिंका आल्या.

बोलायचे ते पाठ करून गेलो होतो. पाठ केलेले सर्व उंबऱ्यावर विसरलो. म्हणालो, "अण्णा, सहभोजन काढतो. पाटील आमच्या घरची भाकर जेवले, असे लिहू द्या. नसेल जमत तर हे हस्तलिखित. तुमचेच आहे. दुसरा लेखक बघा. राग नाही."

हस्तलिखित सतरंजीवर ठेवले. जरा आपटल्यासारखे झाले. आपटायचे नव्हते.

अण्णांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग, "तुमी रागावलाय काय माज्यावर?"

"नाही हो."

"मंग आसं का बोलताय?"

"कारण आत्या माझ्याशी बोलत नाही."

हे उत्तर पाठ केलेल्यात नव्हते. अण्णा मान हलवून म्हणाले, "मला आत्याकडनं ऐकायचंय. पुढल्या रविवारी येतो."

हस्तलिखित परत घेऊन जा म्हणाले नाहीत, ठेवून जा असेही नाही. मी तेथेच ठेवले. वाटेत पाऊस लागला. भिजत आलो आणि मनात अकारण हलके वाटत होते.

२८ जून

अण्णा आले. सिंहासनावर बसवले. विटेची कल्पना अगोदर दिली.

"जय भीम, आत्या."

"जय भीम. बस. कमल, च्या टाक." कमल म्हणजे सौ. पंधरा दिवसांत माझ्यासमक्ष उच्चारलेले हे पहिले वाक्य, ज्यात माझी तक्रार नव्हती.

आत्याने सगळे पुन्हा सांगितले. शब्द तेच, क्रम तोच. पिवळी रोपे, पाटलीण, सावड, वाकडी ओळ, भाकर, नांगी. अण्णा खाली बघत ऐकत होते.

मग अण्णा म्हणाले, "आमची आजी. तुमी म्हनता ती पाटलीण. ती लई वर्सं जगली. घरात कोणी अन्नदानाची गोष्ट काढली की उठून आत जायची. दर खेपंला. आमाला वाटायचं, आजोबांची आठवण तिला सोसत न्हाई."

आत्याने पदराने डोळे पुसले की नाक, सांगता येत नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. "आत्या, खेकडं कुठल्या वढ्याचं व्हतं?"

"तुमच्याच खाचराखालच्या."

"म्हंजी आमचंच खेकडं आमच्याच आजोबाला!"

"धरलं आमी. कालवान आमचं."

दोघेही इतके हसले की अण्णांच्या खाली वीट सरकली. धरले वेळेवर.

जाताना पायरीवर थांबून: "गुरुजी, पुस्तकात लिवा. माज्या जबाबदारीवर. दगडाचं मात्र माज्या येकट्याच्या हातात न्हाई. भावकीला बसवावं लागंल."

आत्याने लगेच विचारले, "कवा बसवनार?"

"बघतो."

"बघतो म्हंजी मी जित्ती असताना का नंतर?"

अण्णा छत्री उघडण्यात गुंतले.

तरीही आजचा दिवस मोठा. उपकाराचे ओझे बाजूला ठेवले तरी कृतज्ञता उरते, आणि ती हातात धरायला बरी असते. आबाजी पाटलांविषयी मला आज पहिल्यांदा खरे प्रेम वाटले. कृपामूर्ती म्हणून नव्हे. ओळ वाकडी जात असतानाही खाचरातून बाहेर न पडलेला माणूस म्हणून.

१२ जुलै

घोडेगावला छापखान्यात. मुद्रिते. पान सतरा:

'अधिवेशनाहून परतल्यावर आबाजी पाटील सखारामाच्या खाचरात लावणीस उतरले, आणि सावडीच्या रीतीप्रमाणे दुपारी सखारामाच्या घरची भाकर जेवले. ती सखारामाच्या मुलीने, सोनाने, थापली होती.'

माझ्या आयुष्यातले सर्वांत बोडके गद्य. एकही समास नाही. छापखान्याचा मालक म्हणाला, "सर, बाकी पुस्तक भारी झालंय, इथं जरा साधं वाटतंय. काही घालायचं का?" नाही म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द ऐकून मलाच नवल वाटले.

घरी आत्याला वाचून दाखवले. दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना ओठ हलवत होती.

"खेकडं?"

"चरित्रग्रंथात खेकडे घालण्याची प्रथा नाही, आत्या."

"दोन भाकरी खाल्ल्या, ते बी न्हाई."

"नाही."

"बरं," म्हणाली. मग स्वतः उठून, भिंतीला धरत धरत, चहा टाकायला गेली. सौ. उठू लागली, तिला खुणेने बसवले. साखर दुप्पट पडली होती. संपूर्ण प्यालो.

१९ जुलै

पाटलांच्या भावकीची बैठक. मला प्रवेश नव्हता. वृत्तांत अण्णांकडून, फाटकाशी उभे राहून.

एक मत: अन्नदानच कोरा, आजवर तेच ऐकत आलो. दुसरे: नुसते नाव आणि 'कायदेकौन्सिलचे सभासद' एवढेच घाला, बाकी वाद नको. तिसरे: पुस्तकात आले ते आले, पुस्तक कोण वाचतो, दगड मात्र येणारा-जाणारा वाचतो. हे तिसरे मत सर्वांत बुद्धिमान आहे, म्हणूनच सर्वांत घातक.

"आन तुमी काय म्हनालात?" माझी भाषा कधीकधी घसरते.

"मी म्हनलो, आजी उठून आत जायची." अण्णा थकलेले दिसत होते. "मंग चहा दोनदा झाला, उठले."

हा माणूस एकटा पडतो आहे आणि त्याला एकटे पाडण्यात माझा हात आहे. उद्या शाळेतून येताना त्याच्याकडे नुसता बसून येईन.

२६ जुलै

प्रकाशन. देवळाच्या सभामंडपात. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे अखंड, त्यामुळे पाहुण्यांचे भाषण सुदैवाने अर्धेच ऐकू आले. मला शाल व नारळ. शालीवर किमतीची चिठ्ठी तशीच. पाहून घेतले, कृतज्ञता कमी झाली नाही.

अण्णा उठले. कागदावर भाषण होते. ते खिशात घातले, पुस्तिका उघडली आणि पान सतरा वाचू लागले. वाचनाची सवय नाही. एकेक शब्दावर बोट. 'सखारामाच्या. घरची. भाकर. जेवले.' भावकीतले दोघे उठून बाहेर गेले. बाकीचे बसले. काहींनी माना खाली घातल्या, एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारले, "कालवान कशाचं व्हतं?"

पहिल्या रांगेतून आत्या: "खेकड्याचं!"

इतिहासात खेकडे आले ते असे, माझ्या लेखणीवाचून.

परतताना आत्या माझ्या दंडाला धरून चालत होती. वेशीजवळ दगडासाठी बांधलेला चौथरा आहे, रिकामा. तेथे थांबली, चौथऱ्यावर हात फिरवला.

"हितं काय लिवनार?"

"अजून ठरले नाही, आत्या."

"ठरंपर्यंत मी मरत न्हाई," म्हणाली. हे आश्वासन की धमकी, आणि कोणाला, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

३० जुलै

शाळेतून परतलो तो दारात टेम्पो. दगड आला आहे. काळाभोर, घोटीव, माझ्या खांद्याइतका उंच. अक्षर एकही नाही.

मजकूर ठरला नसल्याने चौथऱ्यावर बसवता येत नाही. भावकीतले कोणी आपल्या अंगणात ठेवून घेईना. ज्याच्या दारात दगड, तो एका बाजूला गेला असे होईल म्हणे. अण्णांच्या दारात ठेवला तर बैठकच मोडेल. तेव्हा अण्णांचा निरोप: 'गुरुजींच्या दारात उतरवा. तिथं कोणाचा आक्षेप न्हाई. ठरलं की उचलू.'

चौघांनी ओढत आणून परसदारी न्हाणीघराच्या भिंतीला टेकवला, टेम्पोत बसले, गेले. मी 'अहो' म्हणेपर्यंत धूळ.

आत्या दगडासमोर पाट टाकून संध्याकाळपर्यंत बसली होती. मध्येच एकदा पदराने पुसला.

अण्णांचा राग येत नाही. जे स्वतःच्या दारात ठेवता आले नाही ते त्याने माझ्या घरी पाठवले, यात विश्वास आहे. तो मिळाल्याबद्दल आभारी आहे. मात्र जागेची पाहणी अगोदर व्हायला हवी होती.

२ ऑगस्ट

बैठक पुन्हा झाली नाही. अण्णा म्हणतात, "पुढल्या आठवड्यात बसवतो." आत्या रोज सकाळी विचारते, "ठरलं का?" मी रोज "नाही" म्हणतो. ती "बरं" म्हणून भाकरी कुस्करते.

प्रस्तुत समस्या अशी की न्हाणीघराचे दार बाहेर उघडते आणि दगड नेमका दाराच्या वाटेत आहे. दार वीत-सव्वा वीत उघडते. सकलविद्यालयभूषण पोट आत घेऊन, आडवे होऊन, कसेबसे आत जातात, सौ. शेजारणीकडे जाते आणि परत आल्यावर माझ्याकडे पाहते. टेम्पोवाल्यास विचारले. म्हणाला, उतरवायचे ठरले होते, सरकवायचे नाही. सरकवायला चार माणसे लागतात. भावकीतले येत नाहीत, कारण हात लावला तर बाजू घेतल्यासारखे होते. वस्तीतली मुले येत नाहीत, कारण आत्या हात लावू देत नाही. "हाय तिथं ऱ्हाऊ दे. माज्या नजरंसमोर."

सुताराला दार उलटे, आतल्या बाजूस उघडेल असे बसवायला सांगितले. तो पाहून गेला. म्हणाला, आतल्या बाजूला बंब आहे.

मी जातो आत. पाण्याची बादली जात नाही.